क्लब सोडू, की बोलणं सोडू?

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

कराचीतला पंचविशीच्या आतला एक मुलगा. घरी मराठी बोलतात पण शाळा उर्दूत झाली, त्यामुळे पत्र इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून आलंय. लहान असल्यापासून, म्हणजे 2012 पासून, मँचेस्टर सिटीचा फॅन. युनिव्हर्सिटीत डाव्या विचारांच्या मित्रांच्या स्टडी सर्कलला जायला लागला, आता कामगार, पॅलेस्टाईन, बायकांचे हक्क यावर वाचतो आणि पोस्टही टाकतो. ते मित्र म्हणतात, अबू धाबीच्या शेखच्या क्लबसाठी ओरडतोस आणि मजुरांवर लिहितोस, तू ढोंगी आहेस. रविवारी ज्यांच्याबरोबर खेळतो ती पोरं म्हणतात, यार फुटबॉलच्या ग्रुपवर राजकारण नको. वडील म्हणतात, आपण इथे मूठभर, गप राहा. मोठा भाऊ अबू धाबीतच इलेक्ट्रिशियन आहे, घर बरंचसं त्याच्या पैशावर चालतं. वर भारत-पाकिस्तान मॅच असली की सगळे याच्या तोंडाकडे बघत बसतात. प्रश्न असा की क्लब सोडू का, की बोलणं सोडू? आणि 2034 चा सौदीतला वर्ल्ड कप बघायचा की नाही?

---

अरे, आधी एक सांगते. हे देवनागरीत आलेलं तुला वाचता येणार नाही म्हणून हेच सगळं बोलून रेकॉर्ड करून तुला पाठवतेय, निवांत ऐक. आणि इकडच्या ज्या वाचकांना कराचीत मराठी कुठून आली असं वाटतंय त्यांच्यासाठी, सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीतली 1855 ची सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्यांच्याच नावाने चालते. तेव्हा दचकायचं कारण नाही.

ढोंगी म्हटलेलं तुला फार लागलंय, पत्रात चार ठिकाणी फिरून तू तिथेच येतोस. मला विचारशील तर तुझ्या मित्रांचा प्रश्न चुकीचा नाहीये. सिटी 2008 मध्ये शेख मन्सूरनी विकत घेतला, ते अबू धाबीच्या राजघराण्यातले, आणि क्लब जिंकला की अबू धाबीचं नाव जगभर कौतुकाने घेतलं जातं, एवढा पैसा नुसत्या हौसेपोटी ओतलाय असं मानणं भाबडेपणाचं होईल. हे तू नाकारू नकोस. "मालक कोण आहे याच्याशी आपल्याला काय" असं म्हणणारे फॅन मला पटत नाहीत, माहीत असून माहीत नसल्यासारखं करणं हे. पण 2012 च्या मे महिन्यात शेवटच्या मिनिटाला अग्वेरोने तो गोल मारला तेव्हा तू दहा-अकरा वर्षांचा असशील, त्या वयात कोण क्लबचा सातबारा काढून बघतं? प्रेम आधी बसलं, माहिती नंतर आली. बहुतेकांचं असंच होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता मित्रांचा हिशेब पुढे नेऊया की. सिटी सोडलास, कुठे जाशील? न्यूकॅसल 2021 पासून सौदीच्या सरकारी फंडाकडे आहे, आर्सेनलच्या शर्टवर आणि स्टेडियमवर दुबईच्या विमान कंपनीचं नाव आहे. इथे मुंबईत ज्यांना तुझ्यावर हसू येईल त्यांनी पण आठवावं, 2019 मध्ये सिटीच्याच ग्रुपने मुंबई सिटी एफसीत 65 टक्के हिस्सा घेतला होता, आणि तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना तो मोठा सन्मान वाटला, मालक कोण असं विचारलेलं मी तरी फारसं ऐकलं नाही. स्वच्छ क्लब शोधत बसलास तर शेवटी टीव्हीच बंद करावा लागेल. आणि मित्रांचाच न्याय लावायचा तर घरातली डाळसुद्धा अबू धाबीच्याच पैशाची आहे, ती पण टाकायची का? भाऊ तिथे घाम गाळून कमावतो ते ढोंग आहे का? नाही ना. मग कोणाच्या पैशाला हात लागला यावरून माणूस पारखायची ही पद्धतच कच्ची आहे. हात लागल्यावर तू काय करतोस, हे बघायला हवं.

सोडून देणं ही गोष्ट वाटते तितकी साधी नसते, आणि याचं उदाहरण तुझ्याच देशात आहे. सियालकोट. जगात हाताने शिवलेले फुटबॉल सगळ्यात जास्त तिथे बनतात, 2014 चा, 2018 चा, 2022 चा वर्ल्ड कपचा बॉल तिथल्या कारखान्यांतून गेला, आणि पाकिस्तानची टीम मात्र एकदाही वर्ल्ड कपला गेलेली नाही. नव्वदच्या दशकात तिथे घरोघरी लहान पोरं बॉल शिवताना जगाला दिसली, आरडाओरडा झाला, तो व्हायलाच हवा होता. 1997 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि सियालकोटच्या चेंबरने करार केला, शिलाई घरातून काढून सेंटरवर न्यायची म्हणजे तपासणी करता येईल. पोरांचं काम कमी झालं. पण ज्या बायकांना घराबाहेर पडून सेंटरवर जाता येत नव्हतं त्यांचीही मिळकत गेली, आणि त्यांना कोणी आधी विचारलं नव्हतं. मग 2006 मध्ये नायकीने तिथल्या मोठ्या सप्लायरशी करार तोडला, कारण पुन्हा घरी शिलाई चालू असल्याचं सापडलं, आणि हजारो लोकांच्या कामावर गदा आली. नायकीचं कारण खोटं नव्हतं. पण शिक्षा कोणाच्या ताटावर पडली ते बघ. म्हणून कुठल्याही बहिष्काराबद्दल माझा पहिला प्रश्न असतो की ज्यांच्यासाठी हे चाललंय ते लोक काय मागतायत? त्यांनीच बहिष्कार मागितला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आपलं मन साफ होतं आणि बिल भलत्याच माणसाच्या नावावर फाटतं.

तुझ्या स्टडी सर्कलला विचार, आपल्यापैकी कोणी सियालकोटला जाऊन एका तरी शिलाई करणाऱ्या बाईशी बोललंय का, एका बॉलमागे तिला किती मिळतात हे कोणाला माहीत आहे का. टोमणा म्हणून नाही विचारायचं, खरंच विचार, कदाचित पुढच्या मीटिंगचा विषय मिळेल.

आता दुसरी बाजू, ती रविवारची पोरं, राजकारण नको म्हणणारी. यांच्याशी भांडू नकोस कारण ती दमलेली आहेत, आठवडाभर लोडशेडिंग, महागाई, बॉसची कटकट, आणि दोन तास बॉल मारायला येतात तर तिथे पण भाषण कशाला, हे मला समजतं. पण राजकारण कोणी बाहेरून आणून टाकायचं असतं ही समजूत मात्र तपासून बघ. तुझं पत्र वाचताना मला कळलं की तुम्ही खेळता ते ग्राउंड ल्यारीच्या जवळ आहे. इकडच्या लोकांना सध्या ल्यारी म्हटलं की सिनेमातला गोळीबारच आठवतो, पण तुम्हा कराचीवाल्यांना माहितीये की वर्ल्ड कप आला की तिथे गल्लीगल्लीत ब्राझीलचे झेंडे लागतात आणि रात्री रस्त्यावर पडदा बांधून मॅच बघतात. बलोच, शीदी, मकरानी, गोदीत राबणाऱ्यांची वस्ती, आणि पाकिस्तानच्या टीमला इतके खेळाडू दुसऱ्या कुठल्या मोहल्ल्याने दिले नसतील. पन्नास-साठच्या दशकात तिथली पोरं कोलकात्याला मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळायला यायची. त्याच ल्यारीतल्या ककरी ग्राउंडवर 1987 मध्ये बेनझीर भुट्टोंच्या लग्नाचा जाहीर सोहळा झाला, लाखो लोक. फुटबॉलचं मैदान आणि सत्ता इतकी जवळ असताना "राजकारण आणू नका" कोण कोणाला सांगणार?

आणि ज्या ब्राझीलसाठी ल्यारी जीव टाकते, तिथे 1970 च्या वर्ल्ड कपचा विजय लष्करी सरकारने स्वतःच्या जाहिरातीसाठी मनसोक्त वापरला. बारा वर्षांनी त्याच ब्राझीलमध्ये कोरिंथियन्स क्लबात सॉक्रेटिस नावाच्या खेळाडूने आणि त्याच्या साथीदारांनी ठरवलं की क्लबचे निर्णय मतदानाने घ्यायचे, स्टार खेळाडू आणि किट सांभाळणारा, दोघांचं एकेकच मत. 1982 च्या निवडणुकीआधी पाठीवर "15 तारखेला मत द्या" असं छापून मैदानात उतरले, लष्कराच्या राज्यात. त्या ग्रुपवर भाषण नको, ही गोष्ट टाक. मॅचच्या दिवशी नको, मधल्या वारी टाक.

मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच ओळीबद्दल. कतारवर तू भरभरून लिहिलंस, सौदीवर लिहिलंस, प्रीमियर लीगच्या मालकांवर लिहिलंस, सिटीवरच्या पैशाचे नियम मोडल्याच्या 115 आरोपांवर पण लिहिलंस (त्यात जरा बचावाचा सूर होता हां, ते पकडलंय मी). आणि मध्येच एक ओळ, "हमारा ग्राउंड भी आधा गया, तिकडे आता शादी लॉन झालाय." बस. पुढे लगेच परत दोहा. अरे बाबा, हेच तर तुझं प्रकरण आहे! ग्राउंड कोणाच्या नावावर आहे, लॉनला परवानगी कोणी दिली, भाडं कोणाच्या खिशात जातं, हे तुला माहीत नाही, आणि शेख मन्सूरची मालमत्ता तोंडपाठ आहे. मी चिडवत नाहीये. लांबच्या अन्यायावर माहिती सहज मिळते, डॉक्युमेंटरी असतात, हॅशटॅग असतो, आणि आपल्याला कोणी काही करू शकत नाही. जवळच्या अन्यायात माणसं ओळखीची असतात. इकडेही तसंच आहे, आपल्याकडे गाझावर किंवा अमेरिकेवर तावातावाने बोलणारा माणूस सोसायटीच्या मागच्या मैदानावर टॉवर उभा राहिला तर मीटिंगला पण येत नाही.

पॅलेस्टाईनवर तू लिहितोस ते थांबवू नकोस, ते मनापासूनचं आहे. फक्त एवढं लक्षात घे की कराचीत त्या विषयावर बोलायला धाडस लागत नाही, सगळे तुझ्याच बाजूचे. तिथे पोस्टपेक्षा कामाची किंमत जास्त. 2016 मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या फॅन्सनी ग्लासगोत मॅचला पॅलेस्टाईनचे झेंडे फडकवले, युईएफएने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, क्लबवर कारवाई सुरू केली, तर या लोकांनी दंडाइतके पैसे गोळा करून दान करू म्हणून फंड काढला आणि जमले पावणेदोन लाख पौंडांच्या आसपास. ते औषधपाण्याच्या मदतीला आणि बेथलेहेमजवळच्या आयदा कॅम्पमधल्या सेंटरला गेले, तिथल्या पोरांची फुटबॉल टीम त्यातून निघाली. तुझ्या ग्रुपकडे पौंड नाहीत, माहितीये. जमतंय ते पाचशे रुपये असतील, पण पाचशेत बॉलच्या पंक्चरचा खर्च तरी निघतो.

तुमच्या फुटबॉलमधला कामगारांचा प्रश्न तर अगदी हाताशी आहे. ल्यारीच्या पोरांचं पोट कशावर चालायचं? डिपार्टमेंटच्या टीमवर. बँक, पोर्ट ट्रस्ट, वीज कंपनी, खेळाडू म्हणून नोकरी लागायची, पगार, पुढे पेन्शन. 2021 मध्ये सरकारने डिपार्टमेंटचे खेळ बंद केले, 2022 मध्ये पुढच्या सरकारने परत सुरू करायला सांगितलं, आणि मधल्या मध्ये कित्येक जण रिक्षा चालवायला लागले. याच्या वरती फेडरेशनचा गोंधळ, फिफाने 2017 मध्ये बंदी घातली, 2021 मध्ये पुन्हा, 2025 च्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा, घटनादुरुस्ती मंजूर झाली तेव्हा मार्चमध्ये उठवली. अठरा-वीस वर्षांच्या खेळाडूची दोन वर्षं गेली म्हणजे काय होतं हे तुला मी सांगायला नको. आणि तरी 17 ऑक्टोबर 2023 ला इस्लामाबादेत कंबोडियाला 1-0 हरवलं, वर्ल्ड कप क्वालिफायरमधला पाकिस्तानचा पहिलावहिला विजय, कोच कोण, तर आमच्याच टीमला दोनदा शिकवून गेलेले स्टीफन कॉन्स्टंटाईन. त्या रात्री तू नाचलास असं लिहिलंयस. मग या टीमच्या फेडरेशनमध्ये मतदान कोण करतं ते शोध. रजिस्टर झालेले क्लब जिल्ह्याची संघटना निवडतात आणि तिथून वर साखळी जाते. तुमचा रविवारचा क्लब पीएफएफ कनेक्टवर, म्हणजे फेडरेशनच्या ऑनलाइन नोंदणीत, रजिस्टर आहे का? नसेल तर तुमच्या नावाने दुसरंच कोणीतरी, कागदावरचा क्लब दाखवून, मत देत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे काम कंटाळवाणं आहे, फोटोकॉपी, शिक्के, हेलपाटे. पण सिटीचा मालक तुझं कधीच ऐकणार नाही आणि जिल्हा संघटनेचा सेक्रेटरी कदाचित फोन उचलेल.

वडिलांचं. त्यांना भित्रे म्हणू नकोस, मनातसुद्धा नको. त्यांनी जे दिवस काढलेत ते तू काढलेले नाहीस. तुमच्याकडे 2025 मध्ये सायबर कायदा कडक झाला, खोटी माहिती पसरवली असं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि अल्पसंख्य माणसाच्या पोस्टचा अर्थ लोक कसाही लावतात. त्यामुळे तुझ्या मित्राने जे लिहिलं ते तू पण त्याच शब्दांत लिहायला हवंस असं अजिबात नाही, त्याला जे परवडतं ते तुला परवडेलच असं नाही, आणि जो मित्र हे समजून घेत नाही त्याचा समतेचा अभ्यास अजून बाकी आहे. धर्माला लागून जाईल असं काही ऑनलाइन नको. बलोच बेपत्ता माणसांसारख्या विषयावर एकट्याने सोशल मीडियावर उडी नको, त्या विषयावर वर्षानुवर्षं काम करणारे वकील आणि कुटुंबं आहेत, त्यांचं ऐकायला जा. ग्राउंडचा अर्ज द्यायचा तर क्लबच्या लेटरहेडवर, पंधरा-वीस सह्या, आणि तुझी सही पहिली नको, मधे कुठेतरी. यात भ्याडपणा काही नाही, संघटना याचसाठी असते. वडिलांना अर्ज आधी वाचून दाखव. त्यांना काय धोका दिसतो ते विचार, बऱ्याचदा त्यांना ऑफिसातली माणसं माहीत असतात.

भारत-पाकिस्तान मॅचचं मी थोडक्यात सांगते कारण त्यावर फार बोलण्यासारखं नाही, चूक बघणाऱ्यांची आहे. 2023 ला बंगळुरूत सॅफची, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेची, मॅच झाली, व्हिसा इतका उशिरा मिळाला की पाकिस्तानची टीम मॅचच्याच दिवशी पोचली, छेत्रीने हॅटट्रिक मारली, 4-0. तू त्या दिवशी दुःखी झालास आणि ते दाखवायला पण लाजलास, कारण दाखवलं असतं तर नाटक वाटलं असतं. असं दर मॅचला देशप्रेमाची परीक्षा देणारी माणसं इकडे पण आहेत, फक्त नावं वेगळी. त्यांच्याशी तुझी गाठ पडली तर तुमचं छान जमेल. तुझ्याकडे बघणाऱ्यांना एकदाच सांग, ऑफसाइड होता का ते बघ, माझ्याकडे काय बघतोस.

भावाशी मात्र बोल. सगळ्या पत्रात मजुरांचा प्रश्न आहे आणि खरोखरचा मजूर तुझ्या घरातला आहे, त्याचं मत तू एका ओळीतही दिलेलं नाहीस. त्याचा पासपोर्ट त्याच्याकडे आहे का? मालकाने तो ठेवून घेणं तिथल्या कायद्याने चालत नाही. एजंटला किती पैसे दिले, पावती मिळाली का, प्रोटेक्टरचा, म्हणजे परदेशी कामाला जाताना लागणारा सरकारी, शिक्का मारताना कॉन्ट्रॅक्टमध्ये जो पगार लिहिला होता तोच हातात येतो का? त्याला सांग मी कोणाला सांगणार नाही, आणि मग खरंच सांगू नकोस, पोस्ट तर अजिबात टाकू नकोस, नोकरी त्याची आहे. पण तुमच्या गल्लीतून पुढच्या वर्षी जो पोरगा जाणार असेल त्याला हे प्रश्न आधीच लिहून दे. गल्फमध्ये पोरं पाठवणाऱ्या रत्नागिरी-रायगडच्या घरांनी पण हे प्रश्न वापरावेत, एजंटची जात सगळीकडे एकच.

2034 ला अजून वेळ आहे, आज शपथ घेऊ नकोस, असल्या शपथा मोडल्या की माणूस विषयच टाळायला लागतो. बघितलास तर बघ, पण स्टेडियम बांधणाऱ्यांच्या बातम्या पण वाच, त्यात तुमच्याकडचे आणि आमच्याकडचे दोघेही असतील. नाही बघितलास तरी दुसऱ्या बघणाऱ्याला ढोंगी म्हणू नकोस, ते म्हटल्यावर काय वाटतं तुला माहितीये. क्लबचंही तेच. सोडावासा वाटला तर सोड, मित्रांना दाखवण्यासाठी सोडू नकोस. ठेवलास तर नवीन जर्सी घेऊ नकोस, त्या पैशात ग्राउंडला दोन बॉल येतील, सियालकोटचेच.

शेवटचं, तू विचारलंयस की बहीण आणि तिच्या मैत्रिणी खेळायचं म्हणतात तर पोरं हसतात. त्या पोरांना सांग की आठ वर्षं घरी बसवलेली पाकिस्तानची मुलींची टीम 2022 ला काठमांडूला गेली आणि मालदीवला 7-0 हरवून आली, नादिया खानचे चार गोल. आणि क्वेट्याची शाहिदा रझा पण सांग, हजारा समाजातली, हॉकी आणि फुटबॉल दोन्ही खेळलेली, मुलाच्या उपचाराचा काही मार्ग निघेल म्हणून बोटीने निघाली आणि 2023 ला इटलीच्या किनाऱ्यापाशी बोट फुटली त्यात वारली. तिच्या देशाने तिच्यासाठी काय केलं यावर हसणाऱ्यांना बोलू दे. मुलींना वेळ द्यायचा तर लॉनवाल्याकडून उरलेल्या अर्ध्या ग्राउंडवर सकाळचा स्लॉट ठरवा, संध्याकाळचा नको, तिथे लग्नाची गर्दी असते. टॉयलेटची किल्ली कोणाकडे राहील आणि परत जाताना रिक्षापर्यंत कोण सोडेल हे मुलींनाच विचारून आधी पक्कं करा, फॉर्मेशनचं त्यांचं त्या बघतील.